शमीमचं ऊन

२ जानेवारी १९९९, गडचिरोली

आजपासून लिहिणार, कारण शमीम बोलत नाही. घरात माणसं दोन आणि बोलणारी मी एकटी. भिंतीशी बोलण्यापेक्षा कागद बरा.

दिवाळीनंतर तिला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. वाचा येईल का, विचारलं तर डॉक्टर म्हणाले, बघू. पुढे मी विचारलं नाही.

एकाच शाळेत होतो. मी गणित, ती शिवणकाम. दोघींना नवरा-मूल कोणी नाही, म्हणून बिऱ्हाड एक केलं, ते निवृत्तीनंतरही मोडलं नाही. आता तिचा भाचा वाजिद म्हणतो, ईद झाली की फुप्फीला चंद्रपूरला नेतो. मी म्हटलं, इथे तिला काय कमी आहे? त्याचं म्हणणं – घरच्यांत राहिली तर बोलेल तरी. शेवटी ठरलं – ईदपर्यंत माझ्याकडे बोलू लागली तर राहील, नाहीतर तो नेणार.

बोलायला लावीनच! वर्गातल्या मुक्या पोरींना पाढे म्हणायला लावलेत मी.

३ जानेवारी

पाणी. भात. खिडकी. बाई. एकेक शब्द सकाळभर घोकला. ती माझ्या ओठांकडे बघते आणि मान फिरवते.

५ जानेवारी

शाल शोधताना तिची पेटी उघडली. शालीऐवजी हाती आली अर्धी दुनिया! एक बाही. टाचेपर्यंतचा मोजा. कुणाच्या तरी बाळाची टोपी – ते बाळ आता कॉलेजात असेल. हिरवी शाल, एका टोकाला वीतभर पिवळी. सगळं सुयांवर. सुया तिच्या भावाच्या सायकल दुकानातल्या तारांच्या, घासून टोक काढलेल्या. फुकटच्या होत्या, म्हणून नवं काही सुरू करायला हिला कधी अडलं नाही.

प्रत्येकाची जागा ठरलेली. टोपी स्वयंपाकघरात, दूध तापेपर्यंत. मोजा धानोऱ्याच्या बसमध्ये. बाही परीक्षेच्या सुपरव्हिजनला. शाल अंगणात, संध्याकाळी. एक खाली ठेवून दुसरं उचलताना हिचा चेहरा असा खुलायचा, जसं कोणी पाहुणं आलंय.

मी चिडायचे. "अगं, एक तरी पुरं कर!"

"पुरं करून काय करू बाई? पुरं झालं की ते दुसऱ्याच्या अंगावर जाते. तोवर माझं आहे."

"आपल्याकडे थंडी असते किती दिवस?"

"म्हणून तर घाई नाही."

मला ही बेशिस्त वाटायची. माझं तसं नाही. एक गणित सुटल्याशिवाय दुसऱ्याला हात नाही.

७ जानेवारी

बोलली! स्पष्ट. "ऊन."

कामाला येणारी गुणाबाई भांडी टाकून धावत आली. "बाई, शमीमबाई ऊन पाणी मांगून राह्यल्या!" ऊन पाणी दिलं. तोंड मिटून घेतलं. मग ऊन ऊन भात कालवला. चमचा डाव्या हाताने ढकलला. पुन्हा "ऊन, ऊन." मग माझ्या लक्षात आलं. खोलीत गारठा आहे, तिला अंगणातलं ऊन हवं! दोघींनी खाटेसकट बाहेर आणली. गप्प झाली.

वाजिदला फोन केला. त्याचा रोजा होता, आवाज थकलेला. म्हणाला, चांगलं झालं, रविवारी येतो.

८ जानेवारी

दुपारभर उन्हात. डोळ्यांतून पाणी येत होतं. गुणाबाई म्हणते, उन्हानं. मीही तेच धरलं.

संध्याकाळी पेटीतला तपकिरी स्वेटर काढला. गळाच राहिला होता. विणला, टाके बंद केले, दोरा कापला. बोलल्याबद्दल बक्षीस! विणायला तिनेच शिकवलं होतं मला, आमची पहिलीच थंडी होती तेव्हा.

१० जानेवारी, रविवार

वाजिद आला. फुप्फी अंगणात, नाकाचं कातडं सोललेलं. त्याला बघून तिने तेच म्हटलं, "ऊन." तो खाटेशी बसला.

मग म्हणाला, "बाई, फुप्फी लोकर मांगून राह्यली. आमच्या घरी लोकरीले ऊनच म्हंते."

मला खरंच सुचलं नाही! माझ्याशी ती जन्मभर मराठीत बोलली. माझ्यासमोर लोकरीला लोकरच म्हणायची. मराठी मागाहून शिकलेली, ती झटक्यात वाहून गेली, लहानपणची तेवढी उरली. आणि मी तिला मराठी शब्द घोकायला लावत होते.

"आन् तुमी तिले उन्हात वाळवून राह्यल्या," वाजिद म्हणाला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

१२ जानेवारी

पेटी तिच्या खाटेवर रिकामी केली. डावा हात आधी टोपीवर गेला. मग मोज्यावर. मग शालीवर, परत टोपीवर. एकही टाका घालता येत नाही, पण सगळ्यांची भेट घेतली. अर्धं तोंड हसलं. दिवाळीनंतर पहिल्यांदा.

मी तपकिरी स्वेटर पुढे केला. तिने तो चाचपला. सुई शोधत होती. सापडली नाही, तेव्हा खाटेखाली टाकला.

१४ जानेवारी

संक्रांत. गुणाबाईने तिळगूळ आणला. शमीमने घेतला नाही. मी स्वेटर धुऊन, घडी घालून पुन्हा उशाशी ठेवला. पुन्हा खाली.

१७ जानेवारी

विचारलं तिला, इथे राहतेस की वाजिदकडे जातेस? ती माझ्याकडे बघत राहिली. प्रश्न पोचला की नाही, कोण सांगणार! मराठीतच विचारलेला.

मग हिंदीत विचारलं, माझ्या मोडक्या हिंदीत. माझा हात धरला. हे उत्तर धरू का? हात तर ती गुणाबाईचाही धरते.

२१ जानेवारी

काल ईद झाली. आज वाजिदचा फोन. म्हणाला, फुप्फीच्या कानाला लावा. लावला. पलीकडे बायकांचा गलबला, कोणी हसतंय. आणि शमीम बोलली –

"हाँ बेटा. अच्छी हूँ."

वाक्य! एवढे दिवस माझ्या घरात एक शब्द होता, तोही मी चुकीचा घेतला.

रिसीव्हर परत घेतला. मीच म्हटलं, रविवारी ये.

२२ जानेवारी

काही नाही.

२३ जानेवारी

गुणाबाई म्हणाली, "काऊन पाठवून राह्यल्या बाई? थ्या इथीच होत्या ना एवढे साल." मी तिला भांडी घासायला सांगितलं.

२४ जानेवारी, रविवार

सकाळी नऊला वाजिदच्या स्वाधीन केलं – शमीम. औषधं, कागदावर वेळा लिहून. पेटी, आतलं सगळं सुयांवर. तपकिरी स्वेटरसुद्धा. त्याचा गळा रात्री उसवला, टाके उचलून परत सुईवर घेतले. पुरा व्हायला चार ओळी कमी.