अपिलातली माझी साक्ष

४ जून, सकाळ
माझा चष्मा आज पुन्हा मुलाच्या वकीलबाईंनी इथे ठेवलेल्या फायलींखाली सापडला. या घरात म्हातारीचा चष्मा आणि म्हातारीचं म्हणणं, दोन्ही फायलींखालीच. असो. लिहायला बसले.
अपिलाची तारीख लागली, एकवीस जून. लाचेच्या केसमध्ये खालच्या कोर्टाने माझ्या मुलाला आणि त्याच्या ऑफिसच्या शिपायाला सारखीच शिक्षा ठोकली. तीन वर्षं दोघं जामिनावर. अपील हरलो तर थेट तुरुंग.
मी आहे तोवर हरतो कसले! खालच्या कोर्टातही साक्ष मीच दिली होती. इतकी उत्तम, की सरकारी वकील स्वतः 'थँक्यू आजी' म्हणाला.

६ जून
उजळणी. पोलिसांनी नोटांना पावडर फासून एक माणूस ऑफिसात पाठवला. मुलगा त्याला म्हणाला, शिपायाकडे द्या. मुलगा अर्जाबद्दल बोलत होता. शिपायाने पाकीट घेतलं आणि पोलीस आत! दोघांचे हात सोड्याच्या पाण्यात बुडवले; पावडर लागली असेल तर पाणी गुलाबी होतं. शिपायाचं पाणी गुलाबी, माझ्या मुलाचं जसंच्या तसं. तरी शिक्षा दोघांना! का, तर म्हणे दोघांचा बेत एकच.
हा बेत कोर्टाला सांगितला कोणी, असं वकीलबाईंना विचारलं. त्या सूनबाईकडे बघायला लागल्या. सूनबाई गॅसकडे. गॅस बंद होता.

९ जून
इस्त्रीवाल्यापुढे साक्षीची प्रॅक्टिस. तो इतका गुंगला की कॉलर जाळली. शर्ट मुलाचाच होता. चालायचंच.

११ जून
वकीलबाई म्हणतात, आजी, अपिलात साक्षीदार बोलवत नाहीत, जुनेच कागद वाचतात. मी म्हटलं, मग माझी जुनी साक्ष वाचतील की. त्या म्हणाल्या, हो ना, तेच तर.
म्हणजे सगळी भिस्त माझ्यावरच.

१५ जून
संकल्प: एकवीसपर्यंत गप्प राहायचं. आवाज जपायचा.

१५ जून, साडेदहा
मोडला. माझा दोष नाही. शिपाई सह्या करायला आला होता. म्हटलं, मेल्या, तुझ्या गुलाबी हातांपायी माझा पोरगा अडकला. तो काही बोलणार, तेवढ्यात मुलाने त्याला कोपर मारलं. मग म्हणाला, हो आजी, माझंच चुकलं. माणूस वाईट नाही. चूक कबूल करतो.

२० जून
सगळ्यांचं एकच टुमणं, आजी तू घरी थांब, तुझं बीपी. नातीला पहाऱ्याला ठेवणार आहेत. नातीला मी ओळखते. एकदा फोन हातात घेतला की घर उचलून नेलं तरी कळायचं नाही.

२१ जून, संध्याकाळ
गेले. कोर्टात मागच्या बाकावर बसले. वकीलबाईंनी माझी साक्ष वाचली: 'माझा मुलगा स्वच्छ आहे. कशाला हात लावत नाही. काहीही आलं की म्हणतो, शिपायाकडे द्या. रोजची सवय आहे.' शेजारच्या बाईला सांगितलं, ही मीच.
मग त्यांनी खालच्या कोर्टाचा निकाल वाचला. त्यात होतं, आलेलं शिपायाकडे द्यायला लावायची रोजची पद्धत आईच्याच तोंडून कळते, म्हणून दोघांचा बेत एकच.
शेजारची बाई जरा सरकून बसली.
पुढे वकीलबाई म्हणाल्या, मायलॉर्ड, या बाईंच्या बोलण्यावर कोणाला एक दिवससुद्धा आत ठेवता येणार नाही. पान सत्तेचाळीस बघा. घरी कोण कोण असतं, एवढंच विचारलं होतं. उत्तरात भाचीचं मोडलेलं लग्न आहे, दीड पान. जज हसले. सरकारी वकील हसला. तोच, थँक्यूवाला.
जजनी तिथेच निकाल सांगितला. पैसे मागितल्याचा पुरावा नाही, नुसत्या पावडरीने गुन्हा होत नाही. आणि बेत एकच होता म्हणावं, तर एका आईच्या बढाईपलीकडे कागदावर काही नाही. दोघेही सुटले.
घरी आल्यावर मुलाला विचारलं, तीन वर्षं तुला ठाऊक होतं? तो म्हणाला, आई, तू चांगलंच सांगायला गेली होतीस ना, जाऊ दे आता. शिपाईही बरोबर आला होता, म्हणाला, आजी, तुम्ही होतात म्हणून सुटलो. मुलाने परत कोपर मारलं.
सूनबाईने चहा दिला. साखर बरोबर होती. तरी नावं ठेवली. सवय मोडू नये.

२२ जून, सकाळ
बेल थांबत नाही. जो तो विचारतोय, कसे सुटले. मी आतल्या खोलीत आहे. आता इस्त्रीवाला आलाय. जळका शर्ट दुरुस्त करून आणलाय म्हणे, आणि विचारतोय, आजींची साक्ष कशी झाली.
यापुढे या घरात कोणीही, काहीही विचारलं, तर उत्तर सूनबाईने द्यायचं.