तुझ्या गाडीतलं कुलूप

प्रिय बेन्यात,

आधी रागावून घे. पोटभर रागावून घे आणि मग वाच. सोमवारी तुझी गाडी मिठाच्या गोण्या आणायला म्हणून नेली, ते खोटं होतं. मेंढरांना दोन वर्षं पुरेल इतकं मीठ माझ्याच कोठारात पडलंय. गाडी मी खाली गावात योस्टच्या गॅरेजात नेली आणि मागच्या सीटखाली कुलपाची लोखंडी पेटी बसवून घेतली. तुझी रायफल आता त्या पेटीत आहे. किल्ली तुझ्याकडे नाही आणि मी देणारही नाही. कारण सरळ सांगते, आपल्या घरात सरळ बोलायची रीत नसली तरी सांगते: तू स्वतःच्या जिवाचं काही बरंवाईट करशील, अशी मला भीती वाटते. लिहून टाकलं एकदाचं. 

मिरेन गेली तेव्हा मेंढ्या विण्याच्या बेताला आल्या होत्या. बायकोला माती देऊन तू दुसऱ्या दिवशी गोठ्यात उभा राहिलास, आणि सगळं खोरं म्हणालं, बघा, याला म्हणतात धीर. मीही म्हणाले. तू रडला नाहीस, जेवायला बोलावलं तर जेवलास, ताट धुऊन ठेवलंस. मग जून महिन्यात, मेंढ्या डोंगरावर चढवायच्या ऐन वेळी, तू बेल्चाला दोरी बांधून शेजारच्या उर्रुतीकडे नेऊन दिलास. स्वतःचा कुत्रा! आणि आपल्या लोकांची अक्कल बघ. आपल्यात म्हातारा मेंढपाळ कुत्रा दुसऱ्याला देतो तेव्हा त्याने डोंगर सोडला असं धरतात, आणि त्याचं कौतुक करायची पद्धत आहे. तू छप्पन्न वर्षांचा. पण कुणी वय मोजलं नाही. गावच्या हॉलमध्ये कोकराचं जेवण घातलं, लाल वाइन काढली, उर्रुती टेबलावर उभा राहून ओरडला, "बेन्यात, आता खा, लोळ आणि आमच्यावर हुकूम सोड!" आणि तुला ती पाय पसरायची आरामखुर्ची भेट दिली. लोक टाळ्या पिटत होते. तू उठलास आणि एकेकाजवळ जाऊन त्याचे आभार मानलेस. ज्याने ज्या हिवाळ्यात तुला गवत दिलं त्याला त्या हिवाळ्याची आठवण दिलीस. तुला कधी कुणाचे आभार मानताना मी जन्मात पाहिलं नव्हतं.  तो निरोप समारंभ होता रे, आणि आम्ही ताटं वाढत होतो.

तेव्हापासून मी तुझ्या मागावर आहे. जर्दाळूंचा मुरंबा घालायला तुझ्याच स्वयंपाकघरात आले, कारण म्हणे माझी चूल बिघडलीय. चुलीला काहीही झालेलं नाही. तू विचारलंही नाहीस. पूर्वी तू म्हणाला असतास, "ग्राशी, तुझी चूल बिघडली की तुझं डोकं?" आणि मी तुला लाटणं फेकून मारलं असतं. आता तू फक्त म्हणालास, "राहा हवी तितकी." इतका शहाणा भाऊ मला नकोय.

योस्टकडे गेले तर तो हसायलाच लागला. "बेन्यातच्या गाडीला कुलूप? अगं, या खोऱ्यात मी शेवटचं कुलूप विकलं तेव्हा माझे केस काळे होते." खरंच आहे. इथे घराला कडी लावली तरी शेजारी विचारतात, आमच्यावर संशय आहे का. मी म्हटलं, अस्वलं वाढलीत, बंदूक नीट ठेवायला हवी. तो म्हणाला, "अस्वलं आता सीटखाली शिरायला लागली का?" आणि माझा चेहरा बघून त्याने हसू आवरलं.  सीट उचलली, गाडीच्या तळाला भोकं पाडली, पेटी आतून बोल्टांनी आवळली. पाना लावून कुणाला उपटता येणार नाही, म्हणाला. मग विचारलं, "मालकाला किती किल्ल्या?" मी म्हटलं, एकही नाही. त्याने दोन्ही किल्ल्या माझ्या तळहातावर ठेवल्या, माझी मूठ मिटली आणि ती जरा वेळ धरून ठेवली. गॅरेजच्या दारात ग्रीसच्या वासात मी रडले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा परक्या माणसासमोर रडले, आणि तेही योस्टसमोर.

आता माझा शहाणपणा ऐक. एवढी चोरी केली, एवढं नाटक केलं, आणि परत येऊन एक किल्ली ॲप्रनच्या खिशात टाकली, दुसरी तुझ्या गाडीच्या किल्लीच्या कडीत अडकवली. आणि ती कडी तशीच गाडीत सोडून आत गेले, सगळं खोरं सोडतं तशी! जन्मभर किल्ली गाडीतच ठेवायची सवय, हाताने आपलं काम केलं, डोकं कुठेतरी होतं. मंगळवारी सकाळी जर्दाळू चिरताना खिशात हात गेला, एकच किल्ली लागली आणि सुरी टाकून मी अंगणात धावले. तोवर तू मेंढपाळ सेगुंदोसाठी सामान भरून वर मेंढ्यांच्या तळावर निघून गेला होतास. रायफल, पेटी, कुलूप आणि किल्ली, सगळं तुझ्याच हवाली.

तुझ्या मागे मी माझी खटारा गाडी त्या वाटेवर घातली. तिचा सायलेन्सर तुटलाय तुला माहीत आहे, केवढा आवाज करते. म्हणून मी प्रत्येक वळणावर इंजिन बंद करून कान देत होते. कशासाठी कान देत होते ते लिहीत नाही. वारा वाजला तरी काळजाचं पाणी व्हायचं. देवाला काय काय कबूल केलं, मिरेनला हाका मारल्या, आईला मारल्या, तुला शिव्या घातल्या.  पुढे जायची भीती आणि न जायचीही. वर पोचले तर तू आणि सेगुंदो निखाऱ्यांतून पावाचं भांडं उकरून काढत होतात. तू मान वर करून म्हणालास, "आलीस? बस, पाव गरम आहे. तोंड का असं झालंय तुझं?" आणि मी म्हणाले, मुरंब्याला साखर कमी पडली. साखर आणायला कुणी डोंगर चढतं का रे? पण तू तंबूत गेलास आणि साखरेची पिशवी घेऊन आलास. तेवढ्यात मी कडीतून किल्ली काढली. ती साखर अजून तशीच आहे, मला तिला हात लावायचा धीर होत नाही.

तू पाणी आणायला ओढ्यावर गेलास तेव्हा मी सेगुंदोला सगळं सांगितलं. पेरूतून आलेला तो माणूस, घरी बायकोपोरं सोडून वर्षानुवर्षं आपल्या मेंढ्या राखतोय, त्याला सांगायची मला लाज वाटत होती. त्याला ठाऊक होतं. म्हणाला, "बाई, मालक पूर्वी पत्त्यांत लबाडी करायचे, मी भांडायचो. हल्ली मुद्दाम हरतात. मला ते अजिबात आवडत नाही." आणि त्याने एक किल्ली मागून घेतली, गळ्यातल्या माउलीच्या बिल्ल्याशेजारी ओवली.

तू म्हणशील, मग बंदूक नदीत का नाही फेकलीस? फेकली असती तर तू दुसरी आणली असतीस. आणि वर अस्वल खरंच आहे, गेल्या महिन्यात त्याने दोन मेंढ्या नेल्या, सेगुंदोला नि:शस्त्र ठेवायचा मला काय अधिकार? म्हणून हा मार्ग काढला. बंदूक तुझ्याच गाडीत राहील, पण तुझ्या आणि तिच्या मध्ये एक माणूस उभा असेल. तुला ती हवी असेल तर कुणाच्या तरी तोंडाकडे बघून मागावी लागेल. एवढंच मला जमलं. दुसरं काय करू मी? मिरेनला परत आणू शकत नाही. तुझं दुःख वाटून घेईन म्हटलं तर तू ते कुणाला दाखवत नाहीस. गावातल्या डॉक्टरीणबाईंशी मी बोलून आलेय, त्या तुला भेटायला तयार आहेत, मी बाहेर बाकावर बसेन, आत येणार नाही. पण ते तुझ्या होकाराशिवाय होणार नाही आणि तुझा होकार कुठून आणायचा ते मला कळत नाही. तू मला हवा आहेस, बेन्यात. कामाचा नाही, हसरा नाही, धीराचा तर मुळीच नाही. त्या आरामखुर्चीत भिंतीकडे तोंड करून दिवस काढणारा चालेल.

हे पत्र मी सीटमागे, रायफल असायची त्या घोंगडीत गुंडाळून ठेवतेय. म्हणजे तू हे वाचतो आहेस, याचा अर्थ तू बंदुकीसाठी हात घातलास. अस्वल आलं असेल तर सेगुंदोकडे जा, तो किल्ली घेऊन बरोबर येईल. अस्वल नसेल, तर गाडीतून उतर. वर असलास तर त्याच्या तंबूत शीर, तो काही विचारणार नाही, पत्ते वाटेल. घरी असलास तर मी आत आहे, दार उघडंच आहे. ये आणि माझ्याकडे किल्ली माग. मी नाही म्हणेन. तू पुन्हा माग. मी पुन्हा नाही म्हणेन. हवं तर ओरड, हवं तर भांडी फोड, पण मागत राहा. तू मागतो आहेस तोवर तू माझ्यासमोर आहेस.

तुझीच,
थोरली ग्राशियाना