आमच्या बोअरचं पाणी

१६ एप्रिल २०२४
आमचा बोअर सरकारनं घेतला. तलाठी मन्मथ तालुक्याहून, शिरूर अनंतपाळहून, कागद घेऊन आला — तहसीलदारांचा आदेश. गावची विहीर तळाला गेली, म्हणून जूनअखेरपर्यंत सगळ्या गावानं आमच्या दारात पाणी भरायचं. शेताला थेंबभर सोडायचं नाही.
आदेश तीनदा वाचला. मी चौथी शिकलेला, सरकारी मराठीत अडतो. अधिग्रहण म्हणजे कायमचं घेणार का, असं त्याला विचारलं. पावसापर्यंतच, म्हणाला.
म्हणजे गाव आता आमच्या भीमनगरात येणार — पाण्याला!
बायकोला, सुमनला सांगितलं. ती भाकरी थापत होती. "येतील की. तहान हाय," एवढंच म्हणाली.

१८ एप्रिल
तपासायला मन्मथनं पाणी बाटलीत भरून लातूरला नेलं. आमचं पाणी खारं. डाळ लवकर शिजत नाही. नापास झालं तर? गाव म्हणेल, यांचं पाणीच तसलं.

२३ एप्रिल
पास! 'पिण्यास योग्य.' खाली शिक्का. कागद घडी घालून ट्रंकेत ठेवला. दुपारी पुन्हा काढून बघितला.

२४ एप्रिल
संध्याकाळी सरपंच सुदर्शन आला. ओट्यावर बसला. चहा नको, आत्ताच झाला म्हणाला. त्याचं म्हणणं, बोअरपासून मारुतीच्या पारापर्यंत पाइप टाकू, तिथं नळ बसवू. तुमच्या दारात गर्दीचा त्रास कशाला? संमतीचा कागद लिहूनच आणला होता.
मी पेन हातात घेतलाही. या वयात भांडण नको वाटतं.
सुमन दारातून म्हणाली, "सई करा. पण पारावर आपल्या बाया समद्यांच्या रांगेत उभ्या राहतील का, ते इचारा आधी."
मी विचारलं. सुदर्शन मोबाईल बघत राहिला. मग म्हणाला, "बघू. बसून ठरवू."
पेन परत दिला. आता गाव काय करील? जेवण गेलं नाही. सुमननं पायाला तेल चोळून दिलं.

१ मे
आजपासून पाणी सुरू. अंगण झाडलं, नवी तोटी बसवली. मन्मथ पाणी नेणाऱ्यांची वही उघडून अकरापर्यंत बसला. वहीत आमच्याच बायांची नावं. गावातलं कुणी नाही. सुमननं त्याला जेवायला वाढलं. दोनदा वरण मागून घेतलं पोरानं.

४ मे
गावातून दोन घागरी आल्या. पदर पुढे ओढून.

९ मे
विहिरीत चिखल लागला म्हणे. आज रांग लिंबाच्या झाडापर्यंत! मी मोटारीजवळून हललो नाही. धार बारीक झाली का? आटला तर? सुमन म्हणते, "तुमी बघून बघूनच आटवाल त्याला."
रांगेत साखराबाई होती. लहानपणी हिच्या बापाच्या विहिरीवर मी ओंजळ धरून उभा राहायचो, लांब. ही माझ्याच वयाची, परकरातली. तांब्या उंच धरून वरून ओतायची. निम्मं पाणी कोपरांवरून मातीत जायचं. पण माझं पोट भरेपर्यंत ओतायची, हे खरं.
आज तिनं ओळख दिली नाही. मीही दिली नाही.

११ मे
साखराबाई उन्हानं रांगेतच खाली बसली. मी धावत तांब्या भरून नेला. आणि काय केलं — उंच धरला, म्हणालो, "ओंजळ करा, बाई." मी! माझ्याच दारात!
तिनं माझ्याकडे बघितलं. मग तांब्या हातातून काढून घेतला. "दे इकडं, नरसिंग." तोंड लावून सगळा प्याली.
"गोड हाय रे," म्हणाली.
खोटं बोलली. पाणी खारंच आहे.