खुर्चीवाचून कॉलेज

देवास, ३ जुलै १९११
विद्यार्थिनी बोलत का नाहीत? या प्रश्नाचे उत्तर मला देता येत नाही. येईल. आठवडाभरात.
फीमेल ट्रेनिंग कॉलेज नवे, बी.ए. झालेली प्रोफेसर (मी) नवी, विद्यार्थिनी सहा, बहुतेक माझ्याहून मोठ्या. तासभर शिकवले. शंका विचारा म्हटले. सहाही जणी जाजमाकडे पाहत बसल्या.

४ जुलै
कारण सापडले. खुर्ची! पितळी फुलांची, केवढी थोरली. शिक्षक तीत बसला की हुजूरच होतो. मधले अंतर काढल्याशिवाय संवाद कसा होणार? खुर्ची दरबारच्या फरासखान्यात परत पाठवली. यापुढे उभ्याने शिकवणार. पुण्याला आमचे प्रोफेसर कधी बसत नसत.

५ जुलै
मेथड लागू पडली! मी उभी राहिले, तशा सगळ्या उठल्या, त्या तास संपेपर्यंत बसल्याच नाहीत. एवढी उत्सुकता पुण्यातही पाहिली नव्हती. बसा म्हटले, तर सरदारांची प्रमोदिनी पुटपुटली, पहिले आप बिराजो, बाईसाहेब. गोड मुलगी. लेक्चर अर्धा तास वाढवले.
शंका मात्र कोणीच विचारली नाही.

८ जुलै
शिक्षणखात्याचे बळवंतराव एक ऑगस्टला तपासणीला येणार. चारपेक्षा कमी विद्यार्थिनी दिसल्या तर कॉलेज बंद. माझे काय, मी पुण्याला परत जाईन. वर्गातल्या नर्मदाबाई कुठे जाणार? परीक्षा पास झाल्या तर धारच्या मुलींच्या शाळेत जागा, नाहीतर जन्मभर दिराची चूल. आज माझ्या लेक्चरला त्या अक्षरशः डोलत होत्या. एकदा या पायावर, एकदा त्या.

११ जुलै
माईचे म्हणणे, तू उभी असताना त्या कशा बसतील गं? चांगल्या घरच्या बायका आहेत.
म्हटले, माई, दरबार वेगळा, कॉलेज वेगळे.
माईने पोळी उलटली. म्हणाली, पाय तेच असतात ना पण?
आईला शिक्षण मिळाले असते तर!

१८ जुलै
चौघीच आल्या. दोघींच्या घरून निरोप, पाय सुजलेत. साथ दिसते. वैद्यांना कळवले पाहिजे.

२१ जुलै
नवे निश्चय. हळू बोलायचे. नावाने हाक मारायची. हसतमुख राहायचे. घरी सराव करत होते, तर माईने लवंग आणून दिली. म्हणाली, दाढ दुखतेय का?

२६ जुलै
दोघी. प्रमोदिनीच्या वाड्यावर जाऊन आले. पलंगावर पाय लांब करून बसली होती. मला पाहताच बिचारी उठायला लागली. साथ वाढते आहे. चार विद्यार्थिनी कुठून आणू? रात्री रडले. तास आणखी वाढवावा काय?

१ ऑगस्ट
एकट्या नर्मदाबाई, भिंतीला हात लावून उभ्या. मी उभी. बळवंतराव आले, तेही उभे. वजाबाकी कशी शिकवाल, त्यांनी विचारले. नर्मदाबाईंनी माझ्याकडे पाहिले, मग जाजमाकडे. मला वाटले, आता बोलतील. आता.
बळवंतराव कपाळ पुसत म्हणाले, बाईसाहेब, आपण जरा बसता का? म्हणजे आम्हालाही बसता येईल. अपन तो बुढ्ढे हो गये.
बसायला खुर्ची नव्हती.
कॉलेज बंद.

२ ऑगस्ट
सकाळी नर्मदाबाई पाटी परत द्यायला घरी आल्या. मी उभी राहिले. त्या दारातच थबकल्या. मी तशीच जमिनीवर बसले. मग त्याही बसल्या. गुडघे चोळले, आणि महिनाभरात पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या. म्हणाल्या, बाई, पहिल्या दिवसाचा, तीन तारखेचा धडा परत सांगाल का? पुढचं काही डोक्यात शिरलंच नाही. सगळं ध्यान पायांत.
तेवढाच धडा मी खुर्चीत बसून दिला होता.
परीक्षा काही बंद झालेली नाही. बाहेरूनही बसता येते. पाटी त्यांच्याच हाती ठेवली, आणि पहिल्यापासून सुरुवात केली. त्यांनी तीन शंका विचारल्या. एकीचे उत्तर मला आले नाही. तसे सांगितले.
पुण्याला जायचे म्हणून बांधलेली ट्रंक सोडली. पुस्तके ओटीवर लावली आहेत, बसल्या जागी हाताला येतील अशी.