भोंग्याची ओळ

अण्णा, तुम्ही गेल्यापासून सेनगावात तुमच्या टायपिंग क्लासच्या खोलीतच माझा कॉम्प्युटर आहे. विहिरीवरच्या मोटारीला लावायच्या डब्यासाठी मी एका कंपनीकरता प्रोग्राम लिहिते. पाणी संपलं की डबा मोटार बंद करतो आणि भोंगा वाजवतो. पहिला डबा पुसेगावच्या रस्त्याला शेळ्यावाल्या मावशींच्या विहिरीवर बसवला. भोंगा वाजला आणि शेळ्या दावी तोडून तुरीत घुसल्या. "पोरी, ह्याचं तोंड बंद कर," मावशी म्हणाल्या, "माझी एक शेळी गाभण हाय."

मला वाटलं, दोन मिनिटांचं काम. प्रोग्रामसोबत एक हेडर फाइल असते, कोणती सोय चालू, कोणती बंद, एवढंच सांगणारी; एक म्हणजे चालू, शून्य म्हणजे बंद. तिच्यात भोंग्यापुढच्या एकाचं शून्य केलं, प्रोग्राम नव्यानं तयार करून डब्यात भरला. भोंगा ठणाणा वाजला. फाइल उघडून बघते, तर शून्याचा परत एक! तीनदा तेच. तिसऱ्यांदा शेळीला कानाला धरून तुरीतून ओढत मावशी म्हणाल्या, "तू बंद करून राहिली का चालू करून राहिली?" कंपनीतल्या साहेबांनी कळवलं, उद्यापर्यंत जमलं नाही तर काम दुसऱ्याला देतो.

तेव्हा चुलतबहिणीच्या लग्नाची पत्रिका आठवली. जिच्यावरून सगळ्या प्रती निघतात ती मेणकागदाची स्टेन्सिल मी टाइप केलेली, आणि नवरदेवालाही 'चि. सौ. कां.' करून टाकलेलं. तुम्हाला न सांगता मी छापलेल्या पत्रिकांवर पेनानं खोडत बसलेय, आणि तुम्ही सायक्लोस्टाइल मशीनचं हँडल फिरवून पुढच्या प्रती काढताय. प्रत्येक पत्रिकेवर दोन नवऱ्या. शेवटी तुमचं लक्ष जातं. "अगं, छापलेल्या कागदाशी काहून झटून राहिली? मशीनला तुझं पेन दिसतं व्हय? स्टेन्सिल धर!" मग दुरुस्तीचं लाल औषध लावून, फुंकर मारून, तुम्ही बरोबर अक्षरं स्वतः ठोकलीत, आणि दिवसभर मला नवरदेवीण म्हणालात.

मी ज्या फाइलीशी झटत होते, तीही छापलेलीच होती. प्रोग्राम बांधणारी यंत्रणा एका साच्यावरून दरवेळी ती नव्यानं काढायची आणि माझं शून्य पुसून टाकायची. साच्यात काय भरायचं ते ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये जाऊन मी भोंगा बंद केला. नवी फाइल बघितली. भोंग्याचा एक गेलेला. दुपारी विहिरीचं पाणी संपलं, मोटार थांबली, आणि शेळ्या रवंथ करत राहिल्या. मावशींनी डब्याकडं बराच वेळ संशयानं पाहिलं. "मेला का हा?" म्हणाल्या.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून सांगते. साहेबांनी विचारलं, "चूक नेमकी कशी सापडली?" मी ताठ मानेनं म्हणाले, "अनुभव आहे, सर." कुणाचा, ते सांगितलं नाही.