दाराचे डोळे आले

रा. रा. साहेबराव पाव्हणे यांना पडेगावहून राजकुमारचा वाकून रामराम.

आपली, वहिनींची आणि आडत दुकानाची तब्येत ठणठणीत असावी (कांदा पडला की तुमचा रक्तदाब चढतो, असं संध्या सांगत असते; माझा चढला तर ती आधी मीठ कुणी जास्त खाल्लं ते विचारते). आम्ही इकडं सुखरूप आहोत. आठवड्यापूर्वी फोनवर तुम्ही ‘पुढच्या रविवारी येतो आईला न्यायला’ एवढं बोलून फोन ठेवलात आणि मला तोंड उघडायची संधीच मिळाली नाही, म्हणून हा कागद लासूरला धाडतो आहे. मामींनी (म्हणजे तुमच्या मातोश्री द्वारकाबाई; सासूला मामी म्हणायची आमच्याकडची सवय तुम्हाला माहीतच आहे) तुम्हाला एकाएकी का बोलावलं, ते तुम्हाला कळायला हवं. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झकास झालं. त्यांच्या डोळ्याबद्दल तक्रार नाही. सगळा घोटाळा झाला तो आमच्या गॅरेजच्या डोळ्यामुळं.

आमचं शटर तुम्ही बघितलेलं आहे. ते ओढताना गल्लीतली कुत्री उठायची आणि माझी कंबर बसायची. शेवटी मी त्याला मोटर बसवली आणि रिमोट घेतला. अभय नावाचा फिटर येऊन सगळं बसवून गेला. पाव्हणे, काय वस्तू आहे म्हणून सांगू! आतल्या पेटीवरचं बटण दाबायचं, दिवा लुकलुकला की रिमोटचं बटण दाबायचं, झाली दोघांची ओळख (तुमच्या घरी मला दाखवायला आणलं होतं, तेव्हा याहून बराच जास्त वेळ लागला होता). मग गाडीत बसल्या बसल्या बोट टेकवलं की शटर कुरकुर न करता वर. मी गरज नसताना दोनदा बाहेर जाऊन आत आलो. आणि खरी करामत पुढं आहे. दाराच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एकेक छोटी काच असते. एकीतून दुसरीकडं न दिसणारा किरण जातो. मध्ये मांजर आलं, माणूस आला, की खाली येणारं शटर लगेच माघारी वर जातं. सगळं ठीक असेल तर त्या काचेशेजारी हिरवा दिवा, नसेल तर लाल. या काचेला फिटर लोक डोळा म्हणतात. हा शब्द ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळंच झालं.

मामी ऑपरेशन करून आमच्याकडं आल्या त्याच आठवड्यात हे दार बसलं. एका दुपारी दौलताबाद रोडच्या बाजूनं असं धुळीचं वावधान सुटलं, की अंगणात वाळत घातलेली डाळ मातीत गेली. मी वाळूजला कंपनीत, संध्या बँकेत, घरी एकट्या मामी. नेमका त्याच वेळी, दार नीट चालतंय का विचारायला अभयचा फोन आला. मामी म्हणाल्या, भिंतीवरचं बटण दाबलं की खाली येतंय अन् परत वर जातंय. त्यानं विचारलं, मावशी, डोळा लाल झालाय का बघा. मामींनी वाकून बघितलं, तर लालभडक. तो म्हणाला, धूळ गेली असेल, हलक्या हातानं पुसा, डोळ्याला जपा, दोन दिवसांत येऊन बघतो. आता तुम्हीच सांगा, ज्या बाईला त्याच आठवड्यात डोळ्याच्या डॉक्टरनं अगदी हेच शब्द ऐकवले होते, तिनं काय समजायचं? मामींनी निदान केलं: दाराचे डोळे आलेत.

हे मला माहीत नव्हतं. मी संध्याकाळी आलो तर शटर उघडं. रिमोट दाबला, अर्ध्यावर आलं आणि माघारी फिरलं. रिमोटचा सेल बदलला. शटरच्या पट्ट्यांना ग्रीस लावलं (शर्टालाही). मग वाटलं, रिमोटची आणि पेटीची ओळख विसरली असेल, म्हणून पेटीवरचं बटण दाबून धरलं. ते जास्त वेळ दाबलं की पेटी सगळ्यांनाच विसरते, हे माहितीपुस्तकात लिहिलेलं होतं. माहितीपुस्तक गाडीत होतं. पुढचे दोन दिवस मी कंपनीत रजा टाकून, उघड्या गॅरेजसमोर खुर्ची टाकून राखणीला बसलो. येणारा जाणारा विचारायचा, काय विकायला ठेवलंय? मामी मात्र शांत. मधूनमधून येऊन म्हणायच्या, “घाई नका करू जावई, व्हईल बरं. म्या बघायलेय त्याच्याकडं.” मला वाटायचं, देवाला सांगतायत.

अभय आला, दाराशी वाकला आणि तसाच बसून राहिला. एका डोळ्यावर (मी दोन दिवस त्याच्याकडं पाठ करून बसलो होतो), चिकटपट्टीनं नीट बसवलेली, हिरवी पट्टी होती! दवाखान्यातून आणलेली स्वतःची पट्टी मामींनी धुऊन ठेवली होती, ती दाराला बांधली होती. पट्टीखाली काच ओली. संध्या दोन दिवस काळजीत होती, की आईच्या डोळ्यात टाकायचं औषध एवढ्या लवकर कसं सरलं. मामी सकाळ-संध्याकाळ दोन थेंब स्वतःच्या डोळ्यात टाकत होत्या आणि दोन दाराच्या. अभयनं पट्टी काढायला हात घातला, तर त्याच्यावरच ओरडल्या, “आरं, हात धुतले का?”

आम्ही हसलो. पाव्हणे, तिथंच चुकलं. मी तर पोट धरून हसलो. मामींना सगळं समजावून सांगितल्यावर त्या आत गेल्या आणि पिशवी भरायला लागल्या. जावयाच्या घरी तसंही लई दिवस ऱ्हाऊ नये, त्यात दार बिघडवलं, असं म्हणून त्यांनी तुम्हाला फोन लावला. मला त्या वेळी फार वाईट वाटलं, आणि अजून वाटतं. कारण त्यांनी जे केलं ते मला जमलं नसतं. आपल्या डोळ्यातलं औषध कमी करून परक्याच्या दाराला देणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

मग मी काय केलं, तर अभयकडून पेटीची आणि रिमोटची नव्यानं ओळख करून घेतली आणि रिमोट मामींच्या हातात दिला. दार आता तुमच्याकडं, म्हटलं. त्या रोज सकाळी मऊ फडक्यानं दोन्ही काचा कोरड्या पुसतात. रिमोट त्यांच्या चंचीत असतो, त्यामुळं त्या सुपारी चाचपायला लागल्या की कधीमधी दार आपोआप उघडतं (गल्लीला आता त्यांची सुपारीची वेळ पाठ आहे). माझ्या गाडीचा आवाज कोपऱ्यावरून ओळखतात आणि मी पोचायच्या आत शटर वर. असं स्वागत माझं कंपनीत कधी झालं नाही. दार तर तेव्हापासून एकदाही अडलेलं नाही.

पण पिशवी अजून भरलेलीच आहे. वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

आपला,
राजकुमार

ता. क. – रविवारी जरूर या. गाडी लहान आणली तरी चालेल.

ता. क. २ – स्पष्टच लिहितो. मामींना नेऊ नका. दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू आहे, पण डॉक्टर म्हणतात, घाई नाही. मलाही नाही. लासूरमध्ये लोक तुम्हाला काय म्हणतील याची तुम्हाला धास्ती वाटते, ते कळतं. पण त्या गेल्या तर संध्याच्या आधी मीच रडेन, हे लिहायला लाज वाटत नाही.

ता. क. ३ – हा कागद मामींना वाचून दाखवला. ऐकून त्या उठल्या, गेटापर्यंत जाऊन आल्या आणि पिशवीतली लुगडी कपाटात लावायला लागल्या. तुम्हाला निरोप दिलाय, जसाच्या तसा लिहितो: “सायबू, लोकं इचारतील, लेक असताना म्हातारी जावयाकडं का ऱ्हाती. त्यान्ला सांग, डोळा परत आल्यावर म्या सोता गेटावरची पाटी वाचलीय. वर संध्याचं नाव हाये, जावयाचं खाली. म्या जावयाच्या घरात नाय, लेकीच्या घरात हाये. तू रविवारी ये, पोटभर जेव, अन् एकटा जा.”