हात छातीशी धरून पाचशे पावलं

३ नोव्हेंबर, सोमवार

लागली एकदाची नोकरी. पहिला दिवस इतका झकास गेला की घरी येऊन मी एकटीच हसत बसले. काम काय, तर चालायचं. ऐकायला गंमत वाटते, पण संध्याकाळी पोटऱ्यांना विचारा. आमची कंपनी मनगटावर बांधायचे, दिवसभराची पावलं मोजणारे बँड बनवते. बँडच्या सॉफ्टवेअरचा नवा अपडेट तयार झाला की तो लोकांकडे जाण्याआधी आम्ही तपासतो. दोन्ही मनगटांवर बँड, मुठीत काउंटर, आणि प्रत्येक पावलाला अंगठ्याने त्याचं बटण दाबायचं. पाचशे पावलांची एक फेरी, अशा दहा. काउंटर काय म्हणतो, बँड काय म्हणतो, ते कागदावर मांडायचं आणि खाली सही ठोकायची.

तिसऱ्या मजल्यावर लांबलचक कॉरिडॉर आहे, फरशीवर पांढरी पट्टी चिकटवलेली. एका टोकाला पाण्याचा कूलर, दुसऱ्या टोकाला न उघडणारी खिडकी. तिथे अकरा वर्षं चालणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना सगळे काकाच म्हणतात. साठीला टेकलेत, पोट सुटलंय, डावा गुडघा कुरकुरतो. मला पहिल्याच दिवशी 'पोरी' म्हणाले, स्वतःच्या खुर्चीवरची उशी काढून दिली, आणि आकड्यांत गोंधळ होऊ नये म्हणून कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही असं बजावलं. सॉफ्टवेअर लिहिणारी एक चष्मेवाली आहे, कायम गाडी चुकत असल्यासारखी घाईत.

आता हसण्याचं खरं कारण. माझे बाबा याच बँडमुळे गेले. हृदयाचं ऑपरेशन करून घरी आले तेव्हा डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, पहिला महिना दिवसाला दोन हजार पावलं, वर एकही नाही. बाबांनी जन्मभर दुकानदारांची वजनंमापं तपासली होती. अंदाजाने काही केलेलं त्यांना खपायचं नाही. टाके दुखायचे म्हणून दोन्ही हात छातीशी धरून, पाय घासत, इमारतीभोवती फिरायचे. आठ फेऱ्या झाल्या की बँड थरथरायचा आणि ते बाकावर बसायचे. मग एके सकाळी बँडमध्ये नवा अपडेट आला. त्या दिवशी समोरच्या काकूंनी बाबांच्या वीस फेऱ्या मोजल्या. बाकाच्या चार हात अलीकडे पडले. बँडवर आकडा होता अकराशे चाळीस.

कंपनीकडे तक्रार भावाने केली होती. माझं सासरचं आडनाव वेगळं, त्यामुळे इथे मला कुणी ओळखत नाही. तो अपडेट बरोबर आहे असं इथल्याच कुणीतरी सही करून सांगितलंय. त्याला शोधायला आले आहे मी. शिव्याशाप देऊन माझं समाधान होणार नाही. बाबा जसे गेले तसाच तो गेला पाहिजे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

चष्मेवालीला आज चहाच्या निमित्ताने बोलतं केलं. ती म्हणाली, जुना बँड भाजी चिरताना आणि दात घासतानासुद्धा पावलं मोजायचा, लोक टिंगल करायचे. म्हणून हात नीट झुलला तरच पाऊल धरायचं असं त्यांनी केलं. मी अगदी भोळं तोंड करून विचारलं, ज्यांचे हात झुलतच नाहीत त्यांचं काय. तर म्हणे त्यासाठीच सावकाश चालीची तपासणी असते, हात छातीशी धरून पाचशे पावलं. ती व्यवस्थित पार पडली होती. कागद आहे.

कागद आहे म्हणे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण चेहऱ्यावरची रेष हलू दिली नाही.

बाबांचा बँड मी रोज पर्समध्ये घेऊन जाते. त्याचं अ‍ॅप आधीपासून माझ्याच फोनमध्ये आहे. आज जेवायच्या सुट्टीत सहज उघडलं, तर आकडा पंचवीस. पर्स खुर्चीला लटकलेली, मी बसलेली. बघता बघता सव्वीस झाले. मग थोडं थांबून सत्तावीस. पाय घासत चालणारा माणूस जेवढा वेळ घेतो तेवढाच वेळ दोन आकड्यांमध्ये जात होता.

१० नोव्हेंबर, सोमवार

रोज मोजतोय. मी दिवसभर या कामात असते, बिघडलेला बँड मला कळतो. बिघडलेला बँड उड्या मारतो, एकदम चाळीस दाखवतो, मध्येच झोपतो. हा तसा नाही. मिनिटाला साठ पावलं, कधी अठ्ठावन्न. दोन हजार भरले की थरथरून थांबतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकपासून.

घाबरायला हवं होतं, पण उलट धीर आला. बाबा सोबत आलेत. त्यांनाही तो माणूस हवाय. आज मी प्रसाधनगृहात बँड हातात धरून हळूच म्हटलंसुद्धा, बाबा, कोण ते दाखवा, बाकीचं मी बघते.

एक मात्र कळत नाही. लोकांच्या टेबलांपाशी घेऊन गेले की आकडा गप्प होतो. साहेबांच्या केबिनमध्ये गप्प, चष्मेवालीजवळ गप्प, काकांच्या शेजारी तासभर बसले तरी गप्प. मी एकटी असले की चालू. बहुधा पुरावा हाती येईपर्यंत बाबा कुणावर आळ घेणार नाहीत. नोकरीत असतानाही ते तसेच होते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सापडला. सावकाश चालीचा कागद. दहा फेऱ्या, प्रत्येक फेरीला काउंटर पाचशे आणि बँडही पाचशे. एका पावलाची चूकभूल नाही. माणूस चालला तर असं होत नाही, चार-दोन इकडेतिकडे होतातच. खाली सही काकांची.

काका. मला उशी देणारे काका.

बॅटरी किती टिकते ते बघायला इथे एक यंत्र आहे, त्याच्या दांडीला बँड बांधले की ते तासन् तास झुलत राहतात. सगळे त्याला पाळणा म्हणतात. पाळण्याच्या नोंदवहीत त्याच तारखेला, त्याच वेळी काकांचं नाव आहे. म्हणजे हात छातीशी धरून चालणाऱ्या माणसाची तपासणी या माणसाने झुलणाऱ्या दांडीवर केली. स्वतः खुर्चीत बसून.

रात्रीचं जेवण गेलं नाही. तो कागद आणि नोंदवहीतलं पान, दोन्हींच्या प्रती काढून पर्समध्ये ठेवल्यात.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

झालं.

दुपारी काका एकटे होते. मी दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले आणि मी कोण ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसत राहिले. म्हणाले, त्या आठवड्यात गुडघा टम्म सुजला होता, उभं राहवत नव्हतं, आणि अकरा वर्षांत त्या एका तपासणीत कधी काही निघालं नव्हतं. एवढं सांगून रडायला लागले. माझ्या डोळ्यांत टिपूस आलं नाही. मी बाबांचा बँड काढला, त्यांच्या मनगटावर बांधला आणि म्हटलं, तेव्हा चालला नाहीत ना, आता चाला. हात छातीशी धरून पाचशे पावलं. काउंटर मिळणार नाही, कारण बाबांच्या हातात नव्हता. बँड पाचशे म्हणेल तेव्हाच थांबायचं.

काका निमूटपणे उठले. पहिला अर्धा तास ठीक. मग घाम. कूलरपाशी वळताना भिंतीला टेकू लागले. मी खिडकीपाशी बसून फोनवर आकडा बघत होते. शंभर, एकशे चार, एकशे चार, एकशे चार. तासाभराने ते माझ्यासमोर थांबले. चेहरा राखेसारखा.

"पोरी, आकडा पुढे सरकत नाही गं. थांबू का?"

"बँड काय खोटं बोलतो का? चाला अजून."

हे वाक्य माझ्या तोंडून इतक्या सहज आलं की मीच क्षणभर दचकले. काका चालले. सात-आठ वळणं घेतली असतील, मग पांढऱ्या पट्टीवर गुडघ्यांवर बसले आणि कुशीवर कलंडले. बँडवर एकशे बारा होते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

काका सकाळी दवाखान्यात वारले, शुद्धीवर न येताच. साहेबांचा फोन आला होता. त्यांना वाटतंय काम करताना झटका आला.

खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. छातीवरचा दगड उतरल्यासारखं. काकांच्या जाण्याने हादरून चष्मेवालीने त्यांच्या सहीचे जुने कागद उघडले म्हणे, सगळीकडे पाचशे बघून तिला शंका आली, आता तो अपडेट लोकांच्या बँडमधून काढून घेताहेत. म्हणजे बाबांसारखं आता कुणाचं होणार नाही. सगळं मिटलं. दुपारी दोन तास गाढ झोपले, कित्येक महिन्यांनी.

१७ नोव्हेंबर, सोमवार

काकांच्या मनगटावरचा बँड दवाखान्याने ऑफिसला परत पाठवला. साहेबांनी मला दिला, तपासून ठेव म्हणाले. मी तो ड्रॉवरमध्ये टाकला आणि कामाला लागले. आता तो गप्पच राहणार होता.

तीन वाजता फोन वाजला. अ‍ॅप. पावलं सुरू. या वेळी आवाजसुद्धा आहे. फरशीवर चपला घासल्याचा. कॉरिडॉरच्या त्या टोकाकडून. कुणीच नाही तिथे. मी उठून उभी राहिले तर आवाज थांबला. बसले, पुन्हा सुरू.

बाबा, आता काय राहिलं? ज्याने सही केली तो गेला ना?

१७, संध्याकाळ

घरी आलेत. दारापासून स्वयंपाकघरापर्यंत. बाहेर उजेड आहे, खाली माणसं बोलताहेत, आणि माझ्या घरात बाबा चालताहेत. मी बसले की जवळ. मी चालायला लागले की मागे राहतात.

म्हणून चालत चालत लिहितेय, वही हातावर धरून. जे आजवर इथेही लिहिलं नाही ते लिहिते. म्हणजे कदाचित —

अपडेट आपोआप आला नव्हता. मी केला. बाबा नको म्हणत होते, चाललंय ते बरं चाललंय म्हणत होते. मी म्हटलं, बाबा, कटकट करू नका. बटण मी दाबलं.

आणि त्या दिवशी त्यांनी मला माझ्या जुन्या ऑफिसात फोन केला होता. दम लागला होता त्यांना, फोनवर कळत होतं. म्हणाले, फेऱ्या खूप झाल्या गं, पण आकडा नऊशेच दाखवतो. थांबू का? माझ्यासमोर लोक बसले होते, मी वैतागले होते. मी म्हटलं, बँड काय खोटं बोलतो का बाबा, चाला अजून.

त्यांनी ऐकलं माझं. मी सांगितलं म्हणून चालले. भावालासुद्धा हे माहीत नाही. काकांनी न चालता सही केली, हो, केली. पण बाबांनी विचारलं मला होतं.

१८ नोव्हेंबर

ऑफिसला गेले नाही. पहाटेपासून चालतेय. पलंग, दार, ओटा, दार. काल पर्समधून घरी आणलेला बँड खिडकीतून खाली फेकला. तासाभराने मनगटावर होता. कधी बांधला आठवत नाही. हात आपोआप छातीशी येताहेत, खाली सोडले तरी —

अ‍ॅपवर माझ्या पावलांपेक्षा कमीच दाखवतंय. दोन हजार भरायचेत. भरले की संपेल. एवढंच मागताहेत. चालते.

१८, दुपार

नऊशे. मघापासून नऊशे. माझ्या पायांना माहीत आहे किती झाले, दहा हजार, जास्तच. नऊशे.

बसले होते दोन मिनिटं. मानेपाशी त्यांचा श्वास आला. औषधांचा वास. उठले.

माफ करा. चूक झाली. मोठ्याने म्हणतेय, शंभरदा म्हटलं. काकांना मारलं तेव्हा वाटलं तुमच्यासाठी करतेय. माझ्यासाठी केलं. माझं नाव पुढे येऊ नये म्हणून —

१९

छातीत दुखतंय. डाव्या हातापर्यंत. पाय सुजलेत, चप्पल जात नाही. वही भिंतीला टेकवून — नऊशे —

फोन वाजला. बाबांचा नंबर. तो आम्ही कधीच बंद केला होता. उचलला. पलीकडे काही नाही, नुसती गाड्यांची ये-जा. आमच्या इमारतीखालची.

मी विचारलं, बाबा, आकडा सरकत नाही हो. थांबू का?

मग हसल्यासारखे झाले. लहानपणी मला शाळेत सोडताना बोलायचे ना, तशाच मायेने म्हणाले, बाळ, बँड काय खोटं —